पोकलेनच्या केबिनमधला एक स्क्रीन कोपरजवळची खारफुटी वाचवू शकतो का?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं ‘ठाणे’ स्टेशन प्रत्यक्षात ठाणे शहरात नाही. ते आहे दिवा-कोपर परिसरात, म्हातार्डीला. हा उल्हास नदीच्या खाडीचा पट्टा, म्हणजे दलदल आणि खारफुटीचा.

सुरुवातीच्या आराखड्यानुसार या प्रकल्पात सुमारे ५३ हजार खारफुटीची झाडं जाणार होती. २०१९ मध्ये ठाणे स्टेशनचं डिझाइन बदललं आणि आकडा ३२ हजारांवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबई, ठाणे आणि पालघर मिळून सुमारे २२ हजार झाडं तोडायला परवानगी दिली.

म्हणजे कागदावर ३० हजारांहून जास्त झाडं वाचली. पण चिखलात नेमकं कुठं थांबायचं, हे कोण ठरवतं? तिथं शेवटचा निर्णय मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरच्या हातात असतो.

ऑपरेटरला हद्द कळते कशी?

आपल्याकडे अनेक साइटवर अजूनही खुंट्या, चुन्याची फक्की आणि सुपरवायझरचा हात यांवरच काम चालतं. खाडीत भरती आली की फक्की धुऊन जाते, खुंट्या हलतात. मग सर्व्हेवाला येईपर्यंत एकतर मशीन उभं राहतं, नाहीतर अंदाजानं चालतं.

खारफुटीत अंदाज चुकला तर महागात पडतं. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्यावर भराव पडला किंवा भरतीचं पाणी अडलं, तर कुऱ्हाड न लावताही झाड मरतं. अशी झाडं परवानगीच्या आकड्यात धरलेलीच नसतात.

बाहेरच्या देशांत काय करतात?

स्वीडन आणि फिनलंडमध्ये हार्वेस्टर नावाचं मशीन झाड पकडतं, तोडतं, फांद्या काढतं आणि मोजून ओंडके करतं. कुठं कापलं तर लाकडाला जास्त भाव मिळेल, हे त्यातला कॉम्प्युटर सुचवतो. कुठली झाडं ठेवायची, हे ऑपरेटरला स्क्रीनवरच्या नकाशात दिसतं. मागून लाकूड उचलणाऱ्या मशीनलाही तोच नकाशा मिळतो. त्यामुळे विचारण्यात आणि शोधण्यात वेळ जात नाही.

हे हार्वेस्टर खाडीच्या चिखलात उपयोगाचे नाहीत. पण केबिनमध्ये नकाशा देण्याची कल्पना इथंही चालू शकते.

पोकलेनमध्ये हे शक्य आहे?

हो. मशीनवर दोन अँटेना आणि बूम, आर्म, बकेटवर सेन्सर बसवले की बकेटचं टोक नकाशावर कुठं आहे, हे काही सेंटिमीटरच्या अचूकतेनं स्क्रीनवर दिसतं. इतक्या अचूकतेसाठी लागणारा दुरुस्ती सिग्नल सर्व्हे ऑफ इंडियाच्या ‘कॉर्स’ नेटवर्कवरून मिळू शकतो. हद्द जवळ आली की अलार्म वाजतो. काही मशीन्समध्ये ठरवलेल्या रेषेपुढे आर्म जातच नाही.

ऑपरेटरचा थांबण्याचा वेळ वाचतो, तेच काम पुन्हा करावं लागत नाही आणि चूक झालीच तर ती त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. मशीन कुठं-कुठं फिरलं, याची नोंदही ठेवता येते.

मग अडचण कुठं आहे?

स्क्रीनवर तेच दिसतं, जे त्यात भरलेलं असतं. नकाशाच चुकीचा असेल, तर चूक आणखी वेगानं होईल.

उच्च न्यायालयानं २०१८ मध्येच राज्यभर खारफुटी तोडायला मनाई केली आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. सार्वजनिक प्रकल्पासाठीही न्यायालयाची परवानगी लागते, ती त्यामुळेच. खारफुटीसाठी वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे.

त्यामुळे खरी गरज आहे ती टेंडरमध्ये दोन अटी घालण्याची: मंजूर हद्दीचा डिजिटल नकाशा थेट मशीनमध्ये असावा आणि मशीनच्या हालचालींची नोंद कांदळवन कक्षाला मिळावी. रात्री टाकलेल्या भरावाची तक्रार सकाळी एखाद्या रहिवाशानं केली, तर ती तपासायला मग फोटोंबरोबर ही नोंदही हाताशी असेल.