बाईंना घड्याळ नको, एक पान द्या!

दहावीचा निरोप समारंभ आठवतोय ना? मॉनिटर वही घेऊन फिरायचा. प्रत्येकी 100 रुपये वर्गणी, नावापुढे टिकमार्क. मग बाईंना भिंतीवरचं घड्याळ, सरांना शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, विषय संपला.

आमच्याही वर्गात असंच झालं. फक्त एकीच्या नावापुढे टिकमार्क नव्हता. 'पोटात दुखतंय' म्हणून ती त्या दिवशी आलीच नाही. शाळा सुटल्यावर बाई रोज जिला थांबवून गणित शिकवायच्या, ती हीच. आभार मानायचा सगळ्यात जास्त हक्क तिचा होता आणि आम्ही तिलाच बाहेर ठेवलं.

आता वर्ष संपत आलंय. तुमच्या धाकट्या भावंडांच्या शाळेतही वर्गणीचा मेसेज फिरेल. तेव्हा दादा-ताई म्हणून तुम्हीच बोला. पैसे नकोत, एक कोरी वही घ्या म्हणावं. प्रत्येकाने एक पान लिहायचं. 'तुम्ही छान शिकवता' असं गुळमुळीत नको. अपूर्णांक कधी डोक्यात शिरले, गॅदरिंगला स्टेजवर पाय लटपटताना कोण विंगेत उभं होतं, ते लिहा. चुका असल्या तरी चालतील, बाईंना त्या तपासायची सवय आहेच!

आणि तुम्ही? पोस्टकार्ड अजूनही स्वस्तात मिळतं, शाळेचा पत्ता तर पाठच आहे. मग आज कुणाला लिहिताय?