माप भरल्या गाडीचे घ्यावे

गाडी खाली बसवल्यानंतर, म्हणजे स्प्रिंगा बदलून जमिनीपासूनची तिची उंची कमी केल्यानंतर, तिच्यासाठी चाक आणि टायर निवडताना बहुतेक ठिकाणी एकच कसोटी लावली जाते : रिकामी गाडी गॅरेजच्या सपाट फरशीवर उभी असताना टायरची बाहेरची कड मडगार्डच्या कडेशी किती जुळते. या कसोटीत गाडीत बसणाऱ्या माणसांचे वजन, खालचा रस्ता आणि वळलेले चाक या तिन्ही गोष्टींना जागा नसते. आणि मडगार्डला घासणारा टायर, आतल्या कडेने झिजणारी नक्षी, ब्रेक लावताच एका बाजूला ओढणारी गाडी या तक्रारी याच तीन गोष्टींतून उद्भवतात. नांदेड आणि लातूर येथील गॅरेजचालक, व्हील अलाइनमेंट करणारे कारागीर आणि मॅगव्हीलचे विक्रेते यांनी मोजणीची ही पद्धत मुळापासून बदलावी, अशी या मासिकाची आग्रहाची भूमिका आहे.

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाक हबला ज्या पृष्ठभागाने टेकते तो पृष्ठभाग यांच्यातील अंतर होय. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेपेक्षा बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन आणि आतल्या अंगाला असेल तर ऋण मानला जातो, आणि पुढच्या चाकांनी चालणाऱ्या आजच्या मोटारींत तो जवळजवळ नेहमी धनच असतो. चाकावर कोरलेल्या ‘ईटी ४५’ या खुणेचा अर्थ ४५ मिलिमीटर धन ऑफसेट. हा आकडा एकटा वाचला तर फसवतो, कारण चाकाची रुंदी बदलली की कडांच्या जागा दोन्ही बाजूंनी सरकतात. उदाहरणार्थ, ६ इंच रुंदीच्या ईटी ४५ चाकाची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून सुमारे ३१.२ मिलिमीटर बाहेर आणि आतली कड १२१.२ मिलिमीटर आत असते. त्याऐवजी ७ इंच रुंदीचे ईटी ३५ चाक बसवले तर बाहेरची कड ५३.९ आणि आतली कड १२३.९ मिलिमीटरवर जाते. ऑफसेटमधला फरक अवघा १० मिलिमीटरचा दिसत असला तरी बाहेरची कड प्रत्यक्षात जवळपास २३ मिलिमीटर पुढे आलेली असते, आणि आतल्या बाजूला शॉकअपच्या नळीपाशी असलेली फटही जवळपास ३ मिलिमीटरने कमी झालेली असते. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. तो न करता चाक ‘बसते का बघू’ म्हणून लावणे कारागिराला शोभणारे नाही.

कड मडगार्डला लागत नाही एवढ्याने प्रश्न मिटत नाही. पुढचे चाक वळताना ज्या तिरप्या अक्षाभोवती फिरते, तो अक्ष खाली जमिनीपर्यंत लांबवला असता टायरच्या टेकण्याच्या मध्यापासून जितक्या अंतरावर पडतो, त्या अंतराला स्क्रब त्रिज्या म्हणतात; अक्ष त्या मध्याच्या आत पडला तर ती धन, बाहेर पडला तर ऋण. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत निर्माते ती मुद्दाम शून्याच्या जवळ किंवा किंचित ऋण ठेवतात, जेणेकरून दोन चाकांखालची पकड वेगवेगळी असताना ब्रेक लावला तरी स्टिअरिंग हातातून ओढले जाऊ नये. ऑफसेट १० मिलिमीटरने घटवला की ही त्रिज्या तेवढीच धन बाजूला सरकते. त्यातच लहान व्यासाचा टायर लावला तर जमीन हबच्या जवळ येते आणि अक्ष वरच्या टोकाला आत झुकलेला असल्यामुळे त्रिज्येत त्याच दिशेने आणखी काही मिलिमीटरची भर पडते. गळीत हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांना वाट देताना गाडीची डावी चाके साइडपट्टीच्या भुसभुशीत काळ्या मातीत आणि उजवी डांबरावर असतात, आणि नेमक्या त्या क्षणी ब्रेक लावावा लागतो. या भागातील चालकाला मूळ स्क्रब त्रिज्येचा जेवढा उपयोग आहे तेवढा गुळगुळीत द्रुतगती मार्गावरच्या चालकाला क्वचितच असेल, आणि म्हणूनच ऑफसेटमध्ये सढळ हाताने केलेला बदल इथे अधिक महागात पडतो.

टायरच्या मापाकडे वळताना मारुती स्विफ्टचे उदाहरण उपयोगी पडते. या गाडीला निर्मात्याने खालच्या श्रेणीत १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीत १८५/६५ आर १५ अशी दोन मापे दिली होती. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत देतो. त्यावरून पहिल्या टायरचा एकूण व्यास सुमारे ६२० आणि दुसऱ्याचा ६२१.५ मिलिमीटर येतो. रिम एका इंचाने वाढवूनही निर्मात्याने व्यास दोन मिलिमीटरच्या आत राखला, ही गोष्ट प्रत्येक विक्रेत्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खाली बसवलेल्या गाडीत घासणे टाळण्यासाठी जेव्हा २०५/४५ आर १६ सुचवला जातो तेव्हा व्यास ५९१ मिलिमीटरवर येतो, गाडी आणखी १५ मिलिमीटर खाली जाते, वेगमापक पूर्वीपेक्षा सुमारे ५ टक्के जास्त वेग दाखवू लागतो आणि भिंतीची उंची १२० वरून ९२ मिलिमीटर होते. त्याहून गंभीर बाब भाराची आहे. १८५/६५ आर १५ टायरवरील ८८ हा भारांक ५६० किलो वाहण्याची क्षमता दर्शवतो, तर या लहान टायरच्या साध्या प्रकाराचा ८३ हा भारांक ४८७ किलोंची. म्हणजे प्रत्येक चाकामागे ७३ किलो वहनक्षमता घटली आणि ती अशा गाडीत घटली जिच्या स्प्रिंगांची हालचालही आता आखूड झाली आहे. रिम वाढवायचाच असेल तर १९५/५५ आर १६ हे माप ६२१ मिलिमीटर व्यास राखते आणि ८७ भारांकात ५४५ किलो वाहते. या मासिकाच्या मते ती शेवटची पायरी समजावी.

गतिरोधकाचा हिशेबही फारसा कुणी मांडत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. २.४५ मीटर चाकांतर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर येते तेव्हा तिची पुढची-मागची चाकेही उंचवट्यावरच असतात, त्यामुळे पोटाखालची जागा केवळ ४४ मिलिमीटरनेच कमी होते. १६३ मिलिमीटर उंचीची गाडी ४० मिलिमीटरने बसवून तिला वरचा लहान टायर लावला तर १०८ मिलिमीटर उरतात, आणि प्रमाणित गतिरोधकावर त्यातले ६४ शिल्लक राहतात. पाच माणसे आणि सामान यांच्या वजनाने स्प्रिंगा दबल्या की त्यातलेही बरेच जातात. परंतु गावाच्या वेशीवर, शाळेसमोर किंवा मंगल कार्यालयाजवळ हातभर रुंदीचा जो उंचवटा घातलेला असतो, त्यावर गाडी येते तेव्हा दोन्ही चाके सपाटीवर असतात आणि उंचवट्याची सगळीच्या सगळी उंची पोटाखालून वजा होते. वीतभर उंचीच्या अशा उंचवट्यावर ही गाडी सुटणे अशक्य आहे, आणि पहिला मार इंजिनाच्या चेंबरला, म्हणजे तेलाच्या टाकीला, बसतो. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा मार्गे नांदेडला येणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद आणि चांगला झाला असला तरी तालुक्याच्या गावात शिरताच रस्त्याची जात बदलते, आणि गिऱ्हाईक फक्त महामार्गावर राहत नाही.

काळ्या जमिनीचा आणखी एक परिणाम आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता सपाट राहत नाही आणि त्याच्या कडा तुटतात, म्हणजे चाकाला पूर्ण वर उचलणारे हेलकावे सतत बसतात. शिवाय पावसाळ्यात ती चाकाच्या कमानीत थरावर थर चिकटते. गॅरेजमध्ये ८ मिलिमीटर म्हणून मोजलेली फट शेतरस्त्याने दोन फेऱ्या झाल्यावर फट राहतच नाही, आणि वाळून कडक झालेला थर टायरच्या खांद्याला कानशीसारखा घासतो. मडगार्डची कड आत दुमडून जागा करण्याचा उपाय केला जातो, पण दुमडताना रंग तडकला तर त्याच ओल्या मातीखाली पत्रा गंजू लागतो.

म्हणून माप घेण्याची योग्य रीत अशी. त्या बाजूची स्प्रिंग काढून ठेवावी आणि शॉकअप परत बसवून चाक जॅकने बंप स्टॉपला, म्हणजे हालचाल थांबवणाऱ्या रबराला, टेकेपर्यंत उचलावे. त्या स्थितीत चाक सरळ ठेवून आणि नंतर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर व मडगार्ड, टायर व आतले अस्तर, रिम व शॉकअपची नळी आणि टायर व ब्रेकचा होज अशा प्रत्येक जोडीतले अंतर पाहावे. जिथे पट्टी पोहोचत नाही तिथे मऊ मातीचा गोळा चिकटवून चाक फिरवले की दबलेल्या मातीची जाडी तेच अंतर सांगते. मागच्या बाजूला एका आडव्या तुळईने जोडलेली चाके असतील तर दोन्ही चाके एकत्र उचलून आणि मग एकच उचलून अशी दोनदा मोजणी करावी, कारण एक चाक वर गेल्यावर तुळई पिळते आणि टायर वेगळ्या वाटेने वर येतो. या भागासाठी बाहेरच्या अंगाला निदान १५ मिलिमीटर फट राहील असाच ऑफसेट घ्यावा, रिमची बाहेरची कड मूळ जागेपासून १० मिलिमीटरच्या पुढे नेऊ नये आणि गाडी २५ मिलिमीटरपेक्षा जास्त बसवू नये, असे या मासिकाचे मत आहे. वरील ६ इंची, ईटी ४५ चाकाच्या जागी साडेसहा इंची, ईटी ४३ चाक घेतले तर बाहेरची कड ८ मिलिमीटर आणि आतली ४ मिलिमीटर सरकते. दिसण्यात फरक पडतो आणि गाडीही सांभाळली जाते.

स्प्रिंग कापण्याबद्दल मात्र तडजोड नको. वेटोळे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते हे खरे, परंतु तिचे कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळले की ती जागेवरून हलू शकते. गॅसने तापवून बसवलेल्या स्प्रिंगेचे पाणीच उतरते. योग्य लांबीच्या नव्या स्प्रिंगा बसवल्यानंतर लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत. लोंबकळत्या स्थितीत आवळलेले बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. उंची बदलली की टो, म्हणजे वरून पाहता चाकांच्या पुढच्या कडांचा आत-बाहेर कल, हमखास बदलतो. आतली कड झिजण्याचा दोष नेहमी कॅम्बरवर, म्हणजे समोरून पाहता चाकाच्या आत-बाहेर झुकण्यावर, टाकला जातो, तरी खाली बसवलेल्या गाडीत बहुतेक वेळा खरे कारण चुकलेला टो हेच असते.

चाक हबवर बसवण्याविषयी थोडक्यात. स्विफ्टच्या मूळ चाकांचे मध्यछिद्र ५४.१ मिलिमीटरचे असते आणि बाजारातील चाकांचे पुष्कळदा ७३.१ मिलिमीटरचे, तेव्हा मधली रिंग घातलीच पाहिजे. फियाट पुंटोच्या बोल्टांचे वर्तुळ ९८ मिलिमीटरचे आहे. त्यावर १०० चे चाक जोर लावून बसते, पण केंद्रात बसत नाही. होंडाचे मूळ नट गोल बुडाचे असतात, ते निमुळत्या बैठकीच्या मॅगव्हीलला चालत नाहीत. नटाच्या आट्यांची पकड कमी करणारा स्पेसर कोणत्याही गाडीला लावू नये.

कायद्याची बाजूही गिऱ्हाइकाला काम हाती घेण्यापूर्वी सांगितली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे फेरफार करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हा अर्थ स्पष्ट केला आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए नुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निर्मात्याने त्या गाडीच्या कोणत्याही श्रेणीत दिलेल्या मापांच्या जवळ राहणे हा तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचा मार्ग कायद्याच्या दृष्टीनेही सर्वांत सुरक्षित ठरतो.

अशी मोजणी करण्यात अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे मागायला कारागीर संकोचतो, म्हणूनच ती टाळली जाते. मोजणीची मजुरी बिलात स्वतंत्र ओळीवर लिहावी आणि मूळ व नव्या चाकाची रुंदी, ऑफसेट, टायरचे माप, भारांक आणि बंप स्टॉपवरची फट हे आकडे त्याच बिलाच्या पाठीवर नोंदवून द्यावेत. पुढच्या खेपेस टायर बदलायला गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली, तरी त्या कारागिराला नव्याने अंदाज बांधावा लागणार नाही.