अठरा-पंचावन्न पुरे!

"फोनमध्ये एवढा छान कॅमेरा असताना हे धूड कशाला?" पहिला डीएसएलआर घेतलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागतो. प्रश्न काही चुकीचा नाही. रात्रीचा फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकायचा असेल तर फोनच बरा. तरीही ट्यूशनच्या पैशांतून मी सेकंड हँड कॅनन 1500डी घेतला. कारण एवढंच, की फोन बरंचसं आपल्या वतीने ठरवून टाकतो, आणि हा कॅमेरा आपल्यालाच ठरवायला लावतो.

एक उदाहरण देते. माझं घर ग्वाल्हेरला, कंपूत. शिंद्यांचा 1874 सालचा पांढराशुभ्र जयविलास महाल आमच्यापासून फार लांब नाही. अशी पांढरी भिंत फ्रेमभर घेतली की फोटोत ती मळकट, करडी दिसते. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो, म्हणून. मग डायल ऑटोवरून एव्हीवर आणायची आणि एक्स्पोजर अधिक एक करायचं. भिंत पुन्हा पांढरी! संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसलेल्या मावशीचा फोटो काढताना नेमकं उलट, उणे एक. ही गोष्ट एकदा हाताला कळली की उजेडाकडे बघायची सवयच बदलते. हे शिकायला महागडा कॅमेरा लागत नाही.

पण नवशिक्याचं मन इथे रमत नाही. आठवड्याभरात तो पुढच्या लेन्सचे व्हिडिओ बघायला लागतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्षभर कॅमेऱ्यासोबत मिळालेली अठरा-पंचावन्न पुरे. अठराला अरुंद गल्ली मावते, वाड्याचा चौक मावतो. पंचावन्नला चेहरा सुरेख येतो. तिची एक अडचण मात्र खरी आहे. पंचावन्नला ॲपर्चर 5.6 च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे अंधाऱ्या माजघरात आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. यावर फुकटातला उपाय म्हणजे आजीला माजघरातून उठवून ओसरीवर, दाराच्या उजेडात बसवणं. ती दोन शब्द ऐकवेल, पण बसेल.

दुसरा आजार कंपूबाजीचा. 'कंपू' म्हणजे मुळात फौजेची छावणी. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींनाही कंपूच म्हणत. आमच्या मोहल्ल्याच्या नावात ते दिवस अजून शिल्लक आहेत. मराठीत मात्र आता कंपू म्हणजे टोळकं. फोटोग्राफीतही कॅननवाल्यांचा एक, निकॉनवाल्यांचा दुसरा, आणि दोघांना हसणारा मिररलेसवाल्यांचा तिसरा. निकॉनचा नवशिक्यांचा लाडका डी3500 बंद झाला, आरशाचे कॅमेरे मागे पडत चालले, हे सगळं खरं. पण म्हणून घरातला कॅमेरा फोटो काढायचा थांबतो का? उलट, वापरलेले कॅमेरे आता विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलेत. कंपूत राहणारी म्हणून सांगते, या कंपूंत शिरू नका!

आता मला खरं म्हणायचंय ते. आमच्याकडे घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. माझ्या पिढीतले बरेच जण शिकायला, नोकरीला बाहेर पडले. जुने वाडे पाडून फ्लॅट होताहेत. अशा घरांतल्या ट्रंकांमध्ये स्टुडिओत काढलेले जुने फोटो सापडतात. फेटा बांधलेले आजोबा, नऊवारीतली कुणी मुलगी, कडेवर बाळ. फोटो उत्तम, पण हे कोण? सांगणारं कुणी उरलेलं नाही, मागे नाव नाही. आपण काढलेल्या हजारो फोटोंचं याहून वेगळं काय होणार आहे? मेमरी कार्डातल्या 'आयएमजी' आणि चार आकड्यांवरून कुणाला काही कळणार नाही.

म्हणून माझ्या मते फोटो काढला की नवशिक्याचं अर्धंच काम होतं. महिन्यातून चार फोटो छापून घ्यावेत. मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने माणसाचं नाव, जागा आणि तारीख लिहावी. नावं विचारायला बसलं की गोष्टी आपोआप निघतात. कोण कुणाची मावसबहीण, कुठल्या वाड्यात किती बिऱ्हाडं होती, विहीर कधी बुजवली. तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवून कान द्यावा.

आपलं मंडळ वाङ्मयाचं आहे, त्यामुळे हे काम आपल्याला जमायला हवं. पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने आपल्या गल्लीतला एकच फोटो द्यावा, आणि खाली पाच ओळी मराठीत: हे कोण, कुठे, आणि ही जागा आधी कशी होती. कॅमेरा नसेल तर फोनवर काढा. त्या पाच ओळी मात्र ज्याच्या-त्यालाच लिहाव्या लागतील.