कुरकुरीचा अधिकार

येऊ घातलेल्या कलाकृतीविषयी तिच्या कर्त्याने मुलाखती द्याव्या आणि रसिकांनी त्या ऐकून नुसत्या टाळ्या वाजवाव्या, असा एक शिष्टाचार अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. जो शंका काढील, जुन्या वचनांची आठवण करून देईल, तो ‘कुरकुऱ्या’ ठरतो. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. कुरकुर करणारा रसिक हाच कलाकृतीचा खरा वाली होय. आणि ज्याला कुरकुरण्याचीही संधी मिळत नाही त्याची उपेक्षा सर्वांत मोठी होय. ‘फॉलआउट ३’ या अमेरिकन व्हिडिओ गेमचा इतिहास आम्ही याला साक्षी काढतो. खेळाचे नाव ऐकताच ज्यांच्या कपाळास आठी पडेल त्यांनी एवढेच आठवावे की, सिनेमाकडेही आपल्या वडीलधाऱ्यांनी एके काळी अशीच आठी घालून पाहिले होते.

मूळ ‘फॉलआउट’ १९९७ साली इंटरप्ले या कंपनीने काढला. अणुयुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या कॅलिफोर्नियातून खेळणाऱ्याने आपले पात्र न्यावयाचे, माणसांशी बोलावयाचे, निवड करावयाची आणि त्या निवडीचे फळ भोगावयाचे, असा त्याचा घाट. शेवटी जो महाशत्रू भेटतो त्याला शस्त्राने मारता येतेच. परंतु त्याने निर्माण केलेली नवी जमात वांझ आहे हे पुराव्यानिशी पटवून दिले, तर केवळ वाणीच्या बळावर त्याला आत्मनाशास प्रवृत्त करता येते. जग जळून गेल्यावरही शब्दाची शक्ती उरते, असे सांगणारा तो खेळ होता. त्याचे चाहते त्याला जिवापाड जपत राहिले, यात नवल ते काय?

१९९८ साली दुसरा भाग निघाला. तिसऱ्याचे काम २००३ साली अर्ध्यावर बंद पडले. पुढे बेथेस्डा या कंपनीने २००४ साली तिसऱ्या भागाचा परवाना मिळविला आणि २००७ साली साडेसत्तावन्न लाख डॉलर मोजून ‘फॉलआउट’ हे नावच विकत घेतले. मग मुलाखतींचा पाऊस सुरू झाला. जुन्या चाहत्यांनी विचारले: संभाषणाचे वजन राहणार की नाही? डावपेचाने, आळीपाळीने चालणारी लढाई जाऊन नुसता गोळीबार उरणार काय? बेथेस्डाचा ‘ऑब्लिव्हियन’ हा तलवारी-जादूचा खेळ २००६ साली गाजला होता. तेव्हा, ‘हा तर बंदुका दिलेला ऑब्लिव्हियन!’ असा टोमणा त्यांनी मारला. त्यावर कर्त्यांचे कैवारी उसळून म्हणाले, आधी पाहा, मग बोला. परंतु कर्ते स्वतः पाहण्याआधीच बोलत होते, त्याचे काय? खेळाला दोनशेहून अधिक शेवट आहेत, असे प्रमुख कर्ते टॉड हॉवर्ड यांनी २००८ साली मुलाखतीत सांगितले. प्रत्यक्षात ते शेवट म्हणजे बहुतांशी त्याच चित्रांच्या व निवेदनाच्या निरनिराळ्या जुळण्या निघाल्या. रसिकाने विचारले होते शेवट कसा आहे, आणि त्याला उत्तर मिळाले होते शेवट किती आहेत!

ऑक्टोबर २००८ मध्ये खेळ बाहेर पडला. कथेच्या अखेरीस किरणोत्साराने भरलेल्या एका खोलीत जाऊन जलशुद्धीचे यंत्र सुरू करावयाचे असते. जो आत जाईल तो मरणार. पण खेळणाऱ्याच्या सोबतीस फॉक्स नावाचा असा एक साथीदार असू शकतो की, ज्याला किरणोत्सार बाधतच नाही. याच कथेत पूर्वी एकदा तो अशाच खोलीतून वस्तू काढून आणून देतो. असे असता ऐन वेळी तो म्हणतो, हे तुझे प्राक्तन आहे! चाहत्यांनी यावर ओरड केली, आणि २००९ साली ‘ब्रोकन स्टील’ ही पुरवणी काढून कर्त्यांना साथीदारास आत पाठविण्याची सोय करावी लागली. कुरकुर खोटी असती तर ही दुरुस्ती कशाला झाली असती?

कुरकुऱ्यांचे सारेच बरोबर होते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. खेळ पाहण्यापूर्वीच त्याचे मर्तिक उरकणारे आणि कर्त्यांना शिव्या देणारे त्यांच्यात होतेच. खेळ पुष्कळांना आवडला. पुढे आम्हीही त्यापायी अनेक रात्री जागविल्या. परंतु शिवी निराळी आणि शंका निराळी. एकीच्या नावावर दुसरीची मुस्कटदाबी करू नये.

आता आमच्या घरची गोष्ट. या खेळास ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरण मंडळाने जुलै २००८ मध्ये नकार दिला. कारण दिले अमली द्रव्यांच्या वापराचे. कर्त्यांनी मॉर्फीनचे नाव बदलून ‘मेड-एक्स’ केले आणि परवानगी मिळाली. जपानमध्ये अणुबॉम्ब फोडून एक वस्ती नष्ट करण्याचा प्रसंग गाळण्यात आला. हिरोशिमा-नागासाकीची आठवण असलेल्या देशात त्याचा अर्थ कळण्यासारखा आहे. आणि हिंदुस्थानात? ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, येथील सांस्कृतिक भावना लक्षात घेता हा खेळ या देशात आणावयाचा नाही. कोणती भावना, कोणाची, कशाने दुखावणार, याचा एका अक्षराने उलगडा नाही! लोकांनी तर्क केला की, खेळातील दोन डोक्यांच्या गायीला ‘ब्राह्मिन’ म्हणतात, म्हणून हे झाले असावे. पण ती गाय १९९७ च्या पहिल्या खेळातही होती. आणि अमेरिकेत त्या नावाची गुरांची एक जातच आहे, जी आपल्याच गीर, ओंगोल अशा गुरांपासून तिकडे तयार झाली.

कुणाची भावना खरोखर दुखावली असती तर त्याने तसे म्हटले असते, दुसऱ्याने उत्तर दिले असते, आणि वादातून काही निष्पन्न झाले असते. येथे दुखणे आमचे, पण कण्हणारा परका! अमेरिकन चाहत्याला निदान कुरकुऱ्या म्हणून हिणविले गेले; आम्हांस तेवढाही मान मिळाला नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना हा अनुभव नवा नाही. ‘तिकडच्या मंडळींना हे रुचणार नाही’, ‘त्यांना हे कळणार नाही’, असे निर्णय पुण्या-मुंबईत बसून आमच्या वतीने घेतले जातात. आम्हांस कुणी पत्र घालून विचारीत नाही. आम्ही सरकारी कचेरीत कारकुनी करतो. तेथे क्षुल्लक अर्ज नामंजूर करावयाचा तरी फाइलवर कारण लिहावे लागते, आणि अर्जदारास ते वाचून भांडता येते. कोट्यवधी लोकांच्या नावाने दिलेल्या नकाराला एवढाही नियम लागू नसावा काय?

म्हणून कर्त्यांना आमचे सांगणे आहे की, मुलाखतीत आकडे सांगू नका, विचारलेल्याचे उत्तर द्या. रसिकांना सांगणे आहे की, शिवी देऊ नका, पण शंका गिळूही नका. आणि आमच्या भावनांचे परस्पर मुखत्यार झालेल्यांना आम्ही एवढेच बजावतो: आमची भावना दुखावली तर ते सांगावयास आम्हांस तोंड आहे. आधी आमच्यापुढे वस्तू ठेवा. कुरकुर करावयाची की नाही, ते आमचे आम्ही पाहून घेऊ.