पेट्रोल पंपाच्या अलीकडेच थांबणारे ‘नेट झीरो’



भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांनी 2040 पर्यंत, तर इंडियन ऑइलने 2046 पर्यंत ‘नेट झीरो’ म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे जाहीर केले आहे. देशाने 2021 मध्ये ग्लासगो हवामान परिषदेत स्वतःसाठी 2070 हे वर्ष ठरवले. त्याच्या कितीतरी आधी तेल विकणाऱ्या कंपन्याच शून्यावर येणार म्हटल्यावर कुणालाही नवल वाटेल. संकल्पाची व्याप्ती पाहिली की कोडे उलगडते. हे शून्य स्कोप 1 आणि स्कोप 2 पुरते, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या-बॉयलरमधून निघणाऱ्या आणि विकत घेतलेल्या विजेमागच्या उत्सर्जनापुरते आहे. विकलेले इंधन ग्राहकाच्या इंजिनात जळते तो धूर स्कोप 3 मध्ये मोडतो आणि या शून्याच्या बाहेर राहतो. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि विहिरीपासून सायलेन्सरपर्यंतच्या प्रवासात सर्वांत मोठा वाटा याच टप्प्याचा असतो. सगळ्या रिफायनऱ्या उद्या सौर विजेवर चालू लागल्या, तरी विक्री तेवढीच राहिली तर हा वाटा हलणार नाही. कंपन्यांचे उद्दिष्ट खोटे नाही, अपुरे आहे. आक्षेप आहे तो अपुऱ्याला पूर्णाचे नाव देण्याला.

नियमांनीही या अपुरेपणाला जागा ठेवली आहे. भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून ‘बीआरएसआर’ हा व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला, हे योग्यच झाले. पण त्यात पहिले दोन स्कोप अनिवार्य आणि तिसरा ऐच्छिक ठेवला. शिवाय उलाढालीच्या दर रुपयामागे किती उत्सर्जन, हे प्रमाणही त्यात द्यायचे असते. तेल कंपनीच्या बाबतीत हा आकडा फसवा ठरू शकतो. कच्चे तेल महागले की उलाढाल फुगते आणि एक टनही उत्सर्जन न घटता प्रमाण खाली येते. म्हणून असा अहवाल वाचताना आधी एकूण टन पाहावेत, प्रमाण नंतर.

गाडी ग्राहक चालवतो, मग त्याचा धूर कंपनीच्या माथी का, असे विचारले जाते. वाहतूकदारही तोच धूर आपल्या हिशेबात धरणार, म्हणजे दुहेरी मोजणी, असेही म्हटले जाते. पण स्कोप 3 चा हिशेब ना दोष वाटण्यासाठी असतो, ना देशाची बेरीज करण्यासाठी. कंपनीचा धंदा कार्बनवर किती विसंबून आहे, हे गुंतवणूकदाराला आणि जनतेला कळावे, एवढाच त्याचा हेतू. माहिती गोळा करणे अवघड, ही सबब तयार कपड्यांच्या कंपनीला शोभेल. तिला शेकडो पुरवठादारांचे दरवाजे ठोठावावे लागतात. तेल कंपनीला आपली विक्री ठाऊक असते, वार्षिक अहवालात ती छापलेलीही असते. त्या विक्रीला उत्सर्जनाचा गुणक लावला की सर्वांत मोठा आकडा हाती येतो. भारताचे दरडोई उत्सर्जन कमी आहे आणि इंधन अजून बरीच वर्षे लागेल, हा मुद्दा मात्र खरा आहे. त्याने मुदत लांबवता येईल, आकडा झाकता येणार नाही. शेल कंपनीने 2050 च्या आपल्या उद्दिष्टात ग्राहकाने जाळलेले इंधनही धरले आहे. म्हणूनच 2024 मध्ये तिने 2030 चे लक्ष्य सैल केले आणि 2035 चे सोडून दिले, तेव्हा ती माघार जगाला दिसली. जे मोजलेच नाही, त्यातली माघार कुणाला दिसणार?

तेव्हा तेल, वायू आणि कोळसा विकणाऱ्या कंपन्यांना विकलेल्या इंधनाचे उत्सर्जन जाहीर करणे सेबीने अनिवार्य करावे. तोवर या कंपन्यांनी जाहिरातीत निदान ‘कारखान्यापुरते नेट झीरो’ असे लिहावे.

— एक वाचक, चेंबूर (मुंबई)