विश्लेषण : कुष्ठरोग बरा होतो, मग काळजी का संपत नाही? ‘स्वरानंदवन’ काय सांगते?

औषधाने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. तरीही बरे झालेल्या अनेकांसाठी घराचे दार पुन्हा उघडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याच्या आनंदवनातला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद नेमके हेच मंचावर आणतो. वाशिमसारख्या जिल्ह्यालाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

स्वरानंदवन म्हणजे काय?
बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्यातून आनंदवन उभे राहिले. डॉ. विकास आमटे यांच्या कल्पनेतून तिथे हा वाद्यवृंद तयार झाला. कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर आणि अपंग कलाकार त्यात गातात, वाजवतात, नाचतात.

बरे झाल्यावरही काळजी कशाला?
औषध जंतू मारते, पण आधीच निकामी झालेली नस पूर्ववत होईलच असे नाही. हातापायांना बधिरता असेल तर चुलीचा चटका किंवा रुतलेला काटा कळत नाही. जखम चिघळली तर बोटही गमवावे लागते. म्हणून हातपाय रोज तपासणे, पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ ‘एमसीआर’ चप्पल वापरणे हे आयुष्यभराचे काम होते. तळपायाची जखम पाहायला अनेकदा दुसऱ्याचेच डोळे लागतात.

मंचावर काय बदलते?
जनजागृतीच्या फलकावर रुग्ण फक्त चित्रात असतो. इथे तो टाळ्या घेणारा कलाकार असतो. न दिसणाऱ्याला मंचावर कुणाचा तरी हात लागतो, ऐकू न येणाऱ्याला कुणाचा तरी इशारा. आधार घेणारा आणि देणारा असे दोन गट उरत नाहीत.

मग प्रश्न सुटला का?
नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दर १० हजार लोकसंख्येमागे एका रुग्णाच्या खाली आले. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून हटायला २०१९ उजाडले. आनंदवनाचे यश मोठेच, पण अशी वेगळी वसाहत लागावी, हे गावांचे अपयशही आहे.

वाशिममध्ये काय करता येईल?
दरवर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोग निर्मूलन दिन असतो. त्या दिवशीच्या ग्रामसभेत केवळ प्रतिज्ञा वाचण्याऐवजी, तयारी असेल तर, बरे झालेल्या गावकऱ्यालाच बोलू किंवा गाऊ देता येईल. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसल्यास आशा सेविकेला दाखवा. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत.