सटवाईचे हसू आणि यंत्राचा डोळा

तान्हे बाळ झोपेत ओठ हलवू लागले की आमच्याकडे म्हणतात, ‘सटवाई खेळवते आहे.’ माझ्या मामीचे बाळ जन्माच्या दुसऱ्याच दिवशी असे ओठ चोखीत होते, सायकल चालवावी तसे पाय हलवीत होते. आम्ही कौतुकाने पाहत राहिलो. रामटेकहून नागपूरला नेईपर्यंत दोन दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, ‘हे झटके होते.’ आज तो चार वर्षांचा आहे. अजून चालत नाही.

दोष कोणाला द्यावा? नवजात बाळाचे झटके मोठ्या माणसाच्या फिटसारखे नसतात. पुष्कळदा अंग हलतही नाही. झटका मेंदूत चालूच असतो. तो ईईजीच्या आलेखात दिसतो, पण आलेख वाचणारा तज्ज्ञ रात्रंदिवस कोठून आणावा? म्हणून आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी संगणकाला हे वाचन शिकविले. चार देशांतील आठ रुग्णालयांत २६४ बाळांवर त्याची परीक्षा झाली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. झटके येणारी बाळे ओळखण्यात विशेष फरक पडला नाही. मात्र झटक्यांच्या एकूण तासांपैकी संगणकाच्या मदतीने ६६ टक्के ओळखले गेले, मदतीविना ४५ टक्के. हा फायदा शनिवार-रविवारी, म्हणजे तज्ज्ञ कमी असतात तेव्हा, अधिक दिसला.

हे वाचून आनंद झाला, पण प्रश्नही पडला. ज्याच्या डोक्याला तारा लावल्या, त्याच बाळाचे झटके यंत्र पाहणार. घरातल्या बाळाचे काय?

उत्तर आपल्या विदर्भातच आहे. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी निरक्षर दाईच्या हाती वाळूचे घड्याळ आणि मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोजणी न येणारी बाई न्यूमोनिया ओळखू लागली! संगणकाचे गणित कितीतरी अवघड आहे. पण हेतू एकच, तज्ज्ञाची नजर तज्ज्ञ नसेल तेथे पोहोचविणे.

म्हणून माझे मत असे की, जिल्ह्याच्या रुग्णालयात यंत्र जरूर यावे. पण त्याआधी घरोघरी जाणाऱ्या आशाताईला आणि प्रत्येक आजीला खुणा कळाव्यात. हाताने धरूनही बाळाचे पाय थांबत नसतील, तर सटवाईवर सोडू नये.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. हे सारे आजीला समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘हे तवाच कोणी सांगतलं असतं तं!’

मित्रहो, शिकलेल्यांनी या वाक्याचे उत्तर द्यायला हवे.

— बी. ए. भाग दोन